चीफच्या न्हाणीघरातला क्रू

चीफच्या न्हाणीघरात शिरलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राही, तो तोंड कोणत्या बाजूला करावे हा. कपडे वाळत घालण्याच्या दांडीवर, खिडकीच्या गजांना आणि नळाच्या वर ठोकलेल्या फळीवर घटपर्णीच्या कुंड्या टांगलेल्या असत. प्रत्येक पानाच्या टोकातून दोरीसारखी एक शेपटी निघे आणि तिच्या शेवटी एक घट लोंबत असे. कोणी हिरवा, कोणी वाळलेल्या रक्ताचे शिंतोडे उडाल्यासारखा, आणि बहुतेक सगळे माणसाच्या नाकाच्या उंचीवर. चुकून आत नजर गेलीच, तर तळाशी चिकट पाणी आणि त्यात अर्धेमुर्धे विरघळलेले झुरळ दिसे. मिशा आणि पाय शाबूत, पोट नाहीसे. त्या न्हाणीघरात मी कधीही डोळे उघडे ठेवून आंघोळ केली नाही. अंगावर पाणी घेताना एखादा घट खांद्याला लागे, आणि तो ओला, गार, किंचित मांसल स्पर्श दिवसभर खांद्यावरून जात नसे.

आणि नेमक्या त्या वेळी बाहेरून चीफचा आवाज येई, "जावयबापू, आत हायसा तर बगा जरा, क्रू जेवला काय?"

चीफ म्हणजे माझे सासरे. त्यांची हयात मालवाहू जहाजांवर गेली. रत्नागिरीत त्यांना सगळे चीफ म्हणत, आणि ऐकणाऱ्याचा समज होई की हे चीफ इंजिनिअर असणार. ते चीफ कुक होते. हा गैरसमज त्यांनी कधी पसरवला नाही आणि कधी दूरही केला नाही. आमच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी अदबीने विचारले, "आपण इंजिनात होतात का?" तेव्हा चीफ म्हणाले, "नाय हो. इंजिनात काय घालायचा ता दुसरे बघायचे. माणसात काय घालायचा ता मी." वडिलांना हसावे की उठावे हे कळले नाही. मुलगी आम्हाला पसंत होती, म्हणून ते बसून राहिले.

माझ्या नाकाविषयी इथे सांगणे भाग आहे, कारण पुढची सगळी हकीकत त्या नाकावर उभी आहे. आमच्या घरी मासळी शिजत नसे. त्यात मी जन्मतःच किळसखोर. दुधाची साय, ओले फडके, दुसऱ्याचा उष्टा पेला दिसला की मी तोंड फिरवतो. जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून काम करताना माणसांनी माणसांचे केलेले हाल मी शांतपणे टिपून घेतले. पण पुराव्याच्या कपड्यांचे गाठोडे सुटले की मला रुमाल काढावा लागे. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो आणि जिन्यातच थबकलो, तेव्हा वर उभे असलेले चीफ म्हणाले, "कालचा जवळा लागला ना नाकाला? कालपासून घरात उदबत्ती लावतंय मी. तरीपण लागला! नाक हाय तुमचा, पण वरणभाताचा हाय." त्यांच्या बोलण्यात टोमणा होता तसे कौतुकही होते. नाक ही वस्तू त्यांच्या लेखी चेष्टेची नव्हती. स्वतःच्या नाकाबद्दल तर त्यांना उघड गर्व होता. भाकरी तव्यावर असताना, पाठ फिरवून, ती करपायच्या क्षणभर आधी ते सांगत, "नीलू, उलट." नीलू म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, माझी बायको नीलिमा.

घटपर्णीचे वेड त्यांना लागले ते स्वयंपाकामुळेच. बोर्निओच्या एका बंदरात जहाज लाकूड भरायला थांबले असताना बाजारातल्या एका बाईने त्यांना हिरव्या, बुटक्या घटात शिजवलेला चिकट भात दिला होता. तांदूळ आणि नारळाचा रस, दुसरे काही नाही. "आपल्याकडे हळदीच्या पानात पातोळे करतात ना, तसाच," ते सांगत, "पण पानाला आपण घडी घालतो. हिथं झाडच भांडा करून देता! झाकणासकट!" ते झाड त्या भांड्यात एरवी काय शिजवते हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले. दुसऱ्या कोणाला ते कळून उलटी झाली असती. चीफ बाजारात परत गेले आणि त्यांनी त्या बाईकडे आणखी एक घट मागितला.

निवृत्त झाल्यावर नाचणे रस्त्यावरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, त्यांनी ही झाडे जमवली. रोपे कुरिअरने, खोक्यातून, ओल्या शेवाळात गुंडाळून येत. घराबाहेर ठेवायला ते तयार नव्हते. समुद्रावरून येणारा खारा वारा पानांना लागतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून न्हाणीघर, तिथे दमटपणा असे. उजेड पुरेना, म्हणून त्यांनी जांभळट गुलाबी दिवे लावले. संध्याकाळी ती खिडकी रस्त्यावरून अशी उजळलेली दिसे, की खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणत, "चीफ, आज बारमध्ये गर्दी किती?" चीफ त्यांच्याशी भांडत नसत. पावसाचे साठवलेले पाणी संपले की याच डॉक्टरांच्या एसीतून ठिबकणारे पाणी ते बादलीने वर नेत. नळाचे पाणी त्या झाडांना वर्ज्य होते.

त्या झाडांना ते क्रू म्हणत. सगळ्यांत मोठे, तांबूस डागांचे, ताठ मानेचे झाड म्हणजे कॅप्टन. बुटक्या, ढेरपोट्या घटांचे, ज्यांत भात शिजवतात त्या जातीचे, ते सारंग. त्यांच्या पहिल्या बोटीवरचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणे अगदी तसाच दिसे. क्रूला आठवड्यातून एकदा जेवण मिळे. वाळवलेला जवळा, बिनमिठाचा, पाण्यात भिजवून, चिमट्याने, प्रत्येक घटात एखाद-दोन. कधी मेलेले झुरळ मिशीला धरून, एखाद्या पाहुण्याला लाडू द्यावा तशा प्रेमाने. मला ते पाहावत नसे आणि दाराशी उभे राहून मी ते पाहतही असे. किळसेचा हा दुटप्पीपणा मला अजून उलगडलेला नाही.

एकदा नीलिमाची चिपळूणची मावशी गणपतीपुळ्याहून परतताना पाय धुवायला आत गेली आणि किंचाळत बाहेर आली. "मेल्या, देवाहून आलेय मी! आणि तुझ्या त्या पिशवीत पाल हाय!"

"अख्खी?" चीफनी काळजीने विचारले.

"शेपटी बाहेर हाय!"

चीफ धावले. मावशीला वाटले, ते पाल काढायला गेले. काही वेळाने ते समाधानाने परत आले आणि म्हणाले, "नाय, लहानच हाय. पचल." त्या दिवशी मावशी चहा न घेता गेली. मीही घेतला नाही. पण चीफना खरोखर काळजी वाटली होती, ती अशी की घासापेक्षा पोट लहान पडले तर घट आतून सडतो, सड देठापर्यंत चढते आणि पान जाते. "उपाशी झाड मरत नाय, जावयबापू," ते सांगत, "जास्त खाल्लेला मरता. बोटीवरसुद्धा आजारी कोण पडायचा? ज्याका दुसऱ्यांदा वाढलेला असायचा, तो." म्हणून दर सकाळी ते प्रत्येक घटाच्या झाकणाखाली नाक घालून वास घेत. चांगल्या घटाला पावसाळी मातीसारखा मंद वास येतो आणि सडू लागलेल्याला काय येतो, ते मी पुढे सांगणारच आहे. नासलेला घट ते लगेच कात्रीने कापून टाकत.

दुसरी त्यांची सवय याहून वाईट होती. या झाडांना साधी माती चालत नाही. चीफ त्यांना नारळाच्या सोडणांचा चुरा घालत. आमच्याकडे सोडणे कुजवतात ती खाडीच्या पाण्यात, त्यामुळे काथ्यात मीठ मुरलेले असते, आणि मीठ म्हणजे घटपर्णीला विष. म्हणून चीफ तो चुरा पावसाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धूत, आणि शेवटचे धुवण, ते चहासारखे काळपट, कुजक्या वासाचे पाणी, ओंजळीत घेऊन जिभेवर घेत. डोळे मिटून क्षणभर थांबत. मग मोरीत थुंकत. "अजून खाडी हाय," असे म्हणाले की पुन्हा धुणे. "गेली खाडी," म्हणाले की कुंडी भरायची. त्यांना ते पाणी चाखताना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा जेवणाच्या पानावरून उठलो होतो.

मग साथीचे वर्ष आले. चीफना ताप आला, पुष्कळ दिवस राहिला आणि उतरला. ते बरे झाले, असे आम्हा सगळ्यांना वाटले. खोकला गेला, चाल पूर्ववत झाली, बोलणे तर आजारपणातही थांबले नव्हते. बदलले ते घर. जिन्यात पहिल्याच वळणावर वास येऊ लागला. तो जवळ्याचा नव्हता, मासळीचा नव्हता. सडलेल्या मांसात कोणी अमोनिया ओतावा असा काहीसा तो वास होता. डोळ्यांना झोंबे आणि घशात बसे. न्हाणीघरात एकेक घट काळा पडून गळत होता आणि आतला लगदा फरशीवर सांडत होता. चीफ त्याच न्हाणीघरात गुणगुणत आंघोळ करीत. ओट्यावर फडके आंबलेले असे. एकदा त्यांनी मला दिलेल्या चहात दूध फाटले होते आणि ते स्वतः तोच चहा भुरके मारून पीत होते.

मी मनात म्हणालो, म्हातारपणी माणूस गलिच्छ होतो तो असा. मी त्यांची किळस करू लागलो, हे मला स्पष्टच लिहिले पाहिजे. आधीची किळस झाडांची होती. आता त्यांनी पुढे केलेली बशी मी "नुकताच घेतला" म्हणून नाकारू लागलो, आणि त्यांनी खांद्यावर ठेवलेला हात नकळत झटकू लागलो. त्याच सुमारास कॅप्टन आजारी पडला. पानांच्या कडा तपकिरी झाल्या, नवे घट सुईएवढे असतानाच वाळू लागले. चीफनी त्याची कुंडी बदलली, सोडणाचा चुरा नव्याने धुतला, चाखला, "गेली खाडी" म्हणाले. महिन्या-दोन महिन्यांत कॅप्टन मेला. मेलेल्या झाडाची कुंडी त्यांनी बरेच दिवस फळीवरून काढली नाही.

नीलिमाला वास येत होताच. तिने त्याचा अर्थ सरळ लावला. "बाबाला आता एकट्याला होत नाही. आपल्याकडे आणू या."

"आणि कुंड्या?" मी विचारले.

"देऊन टाकू कुणाला तरी. तुम्हाला कुठे चालणार आहेत?"

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नव्हती. एखाद्याला साखर चालत नाही हे जसे घरात सगळ्यांना ठाऊक असते, तसे तिने ते सांगितले. चीफना मात्र हे विचारताच ते म्हणाले, "माणूस बंदरावर उतरला की क्रूला वाऱ्यावर सोडून जात नाय. मी हिथंच बरा." आणि विषय तिथे थांबला, पण संपला नव्हता. आणखी एक काही घडले, तर नीलिमा त्यांचे ऐकणार नव्हती.

ते घडले एका एकादशीला. चीफनी आम्हाला बोलावले होते. सारंगाला त्या मोसमात भरपूर घट आले होते, आणि इतक्या वर्षांत जे करायचे राहून गेले ते त्यांनी योजले होते: घटातला भात. "कोवळे घट हायत, एकालाही अजून झाकण उघडू दिला नाय, आत मुंगीसुद्धा गेली नाय," त्यांनी मला आधीच फोनवर शपथेवर सांगितले होते. नीलिमाला एकादशीमुळे भात चालणार नव्हता. ती गच्चीत वाळत घातलेले कपडे आवरत बसली. पानावर मी आणि चीफ.

बशीत ते हिरवे, बुटके, वाफाळलेले घट मांडले होते. वाफेने मऊ पडून ते सुरकुतले होते. प्रत्येकाच्या तोंडाशी पांढरा भात फुगून आला होता. मला जे दिसत होते ते मी लिहू नये हे बरे. मी ठरवून आलो होतो, की एक घास खायचा. म्हाताऱ्या माणसाची एवढी इच्छा, एक घास. मी श्वास रोखला, चमच्याने भात काढला आणि तोंडात घातला.

तो आंबट लागला. आंबट, खवट, बुळबुळीत. हीच ती झाडाची चव, हाच तो पोटातला रस, असे वाटून मी तोंड रुमालात रिकामे केले. आणि मग, ओशाळून वर पाहताना, माझ्या नाकाने मला दुरुस्त केले. हा वास झाडाचा नव्हता. मी तो चांगला ओळखत होतो. मी उठलो आणि ओट्यावरच्या पातेल्यात उरलेला नारळाचा रस हुंगला. आदल्या रात्री वीज गेली होती, फ्रिज बंद पडला होता आणि रस पार नासला होता. त्या पातेल्यावर कोणीही वाकले असते तरी त्याने नाक दाबले असते.

चीफ डोळे मिटून खात होते. "वा," ते म्हणत होते, "अगदी तसाच. त्या बाईच्या हातासारखा."

"बाबा," मी म्हणालो, "रस नासलाय."

त्यांचा हात थांबला. त्यांनी हातातल्या घटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. भाकरी करपायच्या क्षणभर आधी सांगणारा तो माणूस तोंडातला घास गिळावा की थुंकावा हे ठरवू शकत नव्हता.

"काय झालं?" गच्चीतून नीलिमाने विचारले.

"काय नाय गो!" चीफ मोठ्याने म्हणाले. "तुझ्या नवऱ्याचा नाक!"

ती हसली. चीफ माझ्याकडे पाहतच होते. त्या नजरेत विनवणी होती, आणि ती करावी लागल्याचा संतापही होता.

"माझंच नाक," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कोर्टात जायच्या आधी मी एकटा गेलो. ते न्हाणीघराच्या उंबरठ्यावर बसले होते.

"कधीपासून?" मी विचारले.

"तापापासून. सगळ्यांचा परत आला, माझा नाय आला. आधी वाटला, येयल. मग वाटला, कुणाला सांगायचा? कुक होता म्हणे, आणि वास येत नाय! जहाजाला सुकाणू नाय म्हणून सांगण्यातला प्रकार."

"आणि चव?"

"गरम कळता, गार कळता. मऊ, टणक कळता." त्यांनी फळीकडे बोट केले. "कॅप्टनला मी मारला, जावयबापू. ओंजळ तोंडात घ्यायचो. काय लागायचा नाय. मी समजायचो, खाडी गेली. खाडी नव्हती गेली. जीभ गेली होती."

मी त्यांच्याशेजारी उंबरठ्यावर बसलो.

"नीलूला सांगू नका. गॅसचा वास येत नाय कळला, तर आजच्या आज उचलून नेयल मला. नेयना. पण ह्यांना?" त्यांनी वर टांगलेल्या कुंड्यांकडे पाहिले.

त्या क्षणी मला एक वाक्य बोलता आले असते. 'त्यांनाही आणा, आमच्या न्हाणीघरात जागा आहे,' एवढेच. माझ्या मनात ते वाक्य आलेही. त्याच्यामागोमाग माझ्या आरशाशेजारी, माझ्या दात घासण्याच्या ब्रशाजवळ लोंबणारा घट आला, आणि वाक्य परत गेले. मी म्हणालो, "गॅस मात्र बंद करायचा. आज. विजेची शेगडी आणतो."

मला वाटले होते, हा अपमान त्यांना सोसणार नाही. ते उलट खुलले. "मग त्यात काय! बोटीवर ज्योत चालतच नाय. मी आयुष्यभर विजेवरच शिजवला. गॅस तर हिथं उतरल्यावर शिकलो."

"आणि सकाळी मी येत जाईन. वास घ्यायला."

"कसला?"

"दुधाचा. भाजीचा." मग मला म्हणावेच लागले, "आणि यांचा."

त्यांनी माझ्या नाकाकडे पाहिले. "जमल तुम्हाला?"

"नाही जमणार," मी म्हणालो. "पण येईन."

आणि जमले नाहीच. दररोज सकाळी मी तो जिना चढत असे आणि मुद्दाम रिकाम्या पोटी चढत असे. आधी दूध, मग भाजी, मग न्हाणीघर. एकेका घटाचे झाकण बोटाने वर करून आत नाक न्यायचे. चांगला असला तर ओली माती. बिघडलेला असला तर... मेलेल्या उंदरावर कोणी लघवी केली आहे, आणि ते बंद डब्यात उन्हात ठेवून डबा आपल्या तोंडावर उघडला आहे, एवढे मी सांगू शकतो. मी मोरीपर्यंत धावे. कोरड्या उमाळ्यांनी डोळ्यांत पाणी येई. मागे चीफ कात्री घेऊन उभे असत आणि विचारीत, "खयचा? सारंगाच्या बाजूचा? वरचा की खालचा?" मी बोट दाखवी. कात्री चाले. एकदा ते म्हणाले, "हसू नका, पण तुम्हाला ओकारी आली की मला बरा वाटता. वाटता, माझाच नाक अजून चालता, फक्त दुसऱ्याच्या तोंडावर बसवलेला हाय."

कुंडी बदलायच्या दिवशी धुवणाचे पाणी. ते मी पहिल्यांदा जिभेवर घेतले तेव्हा माझे सर्वांग शहारले. कुजका काथ्या, चिखल, शेवाळ, आणि सगळ्यांच्या तळाशी मीठ.

"हाय काय खाडी?"

"आहे."

"किती?"

"भाट्याच्या पुलाखाली असते तेवढी."

ते इतके हसले की खाली डॉक्टरांच्या रोग्यांनी वर पाहिले असेल. मग आम्ही पुन्हा धुतले. किळस गेली नाही, हे मला नोंदवलेच पाहिजे. सवयीने किळस जाते असे लोक सांगतात. माझी गेली नाही. कदाचित ती गेली असती तर मी त्यांच्या कामाचाही राहिलो नसतो. बदल झाला तो एवढाच, की ती किळस माणसावरून निघून पुन्हा झाडांवर गेली. त्यांचा हात खांद्यावर आला की मी तो राहू देत असे.

घराचा वास गेला. नीलिमाला वाटले, बाबाला उभारी आली. "तुम्ही दोघं रोज सकाळी करता काय तिथे?" ती विचारी. "क्रूची हजेरी," चीफ सांगत. दर वर्षी चैत्राच्या सुमारास ती सुरंगीच्या फुलांचा वळेसर घेऊन जाई आणि आईच्या फोटोला घाली. चीफ दारातच म्हणत, "जिन्यातच घमघमाट आला, नीलू!" ती खूश होई. मी त्या वेळी दुसरीकडे पाहत असे.

त्यांचे जाणे शांतपणे झाले, त्यांच्याच खोलीत. त्या सकाळी मी नेहमीसारखा जिना चढलो, माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडले आणि उंबऱ्यातच थांबलो. घराला कसलाच वास नव्हता. माझी वाट पाहताना ते न चुकता आले घालून चहाचे आधण टाकून ठेवत. त्या आल्याचा वास नव्हता. मी पुढे न जाताच मला कळले. न्हाणीघरात जांभळा दिवा लागलेला होता.

बारावे-तेरावे झाल्यावर घर आवरताना, रोज सकाळी इथे खरे काय चालायचे ते नीलिमाने मला सरळ विचारले, आणि मी सगळे सांगितले. ती आधी चिडली. एकट्या माणसाला असे कसे ठेवलेत, मला का नाही सांगितलेत, तो माझा बाप होता. तिचे प्रत्येक वाक्य बरोबर होते. त्यांनी नको म्हटले होते, हे माझे उत्तर खरे होते पण पुरे नव्हते, म्हणून उरलेलेही मी सांगितले: की कुंड्यांसह त्यांना घरी आणा म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आणि रोज जिना चढणे मला त्यापेक्षा सोपे वाटले. तिने आईचा फोटो पुसायला घेतला. मग तिने विचारले, "म्हणजे सुरंगीचा वास त्याला येत नव्हता?"

"नाही."

"पण जिन्यातच आला म्हणायचा."

"जिन्यात तुझी पावलं वाजायची."

ती आत निघून गेली. बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली, आणि ते मला योग्य वाटले.

क्रूची वाटणी झाली. डॉक्टरांनी दोन कुंड्या दवाखान्यात नेल्या. बाकीच्या झाडे हौसेने वाढवणाऱ्या एका मुलीने सावर्ड्याला नेल्या. सारंगाची कुंडी ती उचलणार, तोच नीलिमा तिला म्हणाली, "हेही घेऊन जा. आमच्याकडे ह्यांना चालायचं नाही."

"राहू द्या ते," मी म्हणालो. "चालेल."

चालत नाही. सारंग माझ्या आरशाशेजारी लोंबतो आणि दाढी करताना त्याचा ढेरपोट्या घट माझ्या कानाला लागतो. काल कुंडी बदलली. सोडणे दिवसभर धुतली, शेवटचे पाणी ओंजळीत घेतले, जिभेवर ठेवले. शहारलो. खाडी होती. थुंकलो आणि पुन्हा धुतले. आज सकाळी एकेका झाकणाखाली नाक घातले. एक घट बिघडला होता. बेसिनवर ओणवा होऊन उभा राहिलो, डोळे पुसले, कात्री घेतली.

बाहेरून नीलिमाने विचारले, "क्रू जेवला?"

"जेवला," मी म्हणालो. "थोडा जास्तच."